अंकुशी रुपयाचे दोन फोटो

"दिवा अजून खाली घे की," अप्पा म्हणाले. "डोक्यावर धरलास तर नाणं झोपून जातंय."

मी टेबल-लॅम्पची मान वाकवली. उजेड बाजूनं आला आणि तांब्याच्या त्या काळ्या पैशावरची अक्षरं एकदम उठून बसली. काकू दोन्ही हातांनी ट्रेसिंग पेपर धरून उभ्या होत्या. त्यांचा श्वास लागूनही कागद हलत होता.

"घेऊ का मी श्वास?" त्यांनी विचारलं.

"दोन सेकंद थांबा काकू," मी म्हणालो आणि कॅमेऱ्याचा टायमर दाबला.

बार्शीला वैजिनाथअप्पा तोडकरींच्या घरी, जेवायच्या टेबलावर, महिनाभर आमचा हा उद्योग चालला होता. साल दोन हजार अकरा. एप्रिल संपत आला होता आणि वाऱ्यानं नाण्याखालचं कापड हलतं म्हणून पंखा बंद ठेवावा लागायचा. अप्पा एसटीत तेहेतीस वर्षं कंडक्टर होते. तिकिटाच्या पैशांत कधी एखादं जुनं, झिजलेलं नाणं यायचं. अप्पा आपल्या खिशातला पैसा बॅगेत टाकून ते ठेवून घ्यायचे. तिथून नाद लागला. निवृत्त झाले तेव्हा लोखंडी कपाटात अकराशेच्या वर नाणी होती, प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात आणि पाकिटावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात सगळी माहिती.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. मेघश्याम कुलथे, कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक. लग्नाचे फोटो काढून पाहावेत म्हणून एक वापरलेला कॅमेरा घेतला होता, पण दोन लग्नांनंतर मला कुणी बोलावलं नाही. अप्पा नाण्यांची पुस्तकं बघायला ग्रंथालयात यायचे. गावातल्या नाणेसंग्राहक मंडळाचं पहिलं प्रदर्शन भरणार होतं, त्याची पुस्तिका निघणार होती, आणि तिच्यातली बहुतेक नाणी अप्पांची होती.

"तुझ्याकडं कॅमेरा हाय म्हणं," एक दिवस ते काउंटरवर येऊन म्हणाले. "नाण्यांचे फोटो जमतील का?"

"कधी काढले नाहीत अप्पा."

"मग शिकू की दोघं."

पहिल्या दिवशीचा फोटो पाहून काकूंनी विचारलं होतं, हे नाणं आहे की राजगिऱ्याची वडी. दुसऱ्या दिवशी चांदीच्या रुपयात मला माझाच कॅमेरा दिसला, मधोमध, काळा. मग एकेक कळत गेलं. लेन्स काढून उलटी बसवली की ती भिंगासारखं काम करते; त्यासाठी लागणारी कडी मी सोलापूरहून आणली. नाणं थेट टेबलावर ठेवायचं नाही, पालथ्या वाटीवर काळं कापड टाकून त्यावर ठेवायचं, म्हणजे मागची जमीन धूसर होते. दिव्यापुढं ट्रेसिंग पेपर धरला की उजेड मऊ होतो आणि चकाकी जाते. नाणं कडेनंच धरायचं आणि काही झालं तरी धुवायचं नाही. हे शेवटचं मला जड गेलं. आम्ही सोनार. काळी चांदी दिसली की हात रिठ्याकडं जायचा.

"दोनशे वर्षांनी आलेला रंग हाय तो," अप्पा सांगायचे. "तू एका मिनिटात घालवशील."

सगळ्यात जास्त शिकलो ते उजेडाबद्दल. उजेड समोरून आणि मऊ असला की नाणं देखणं दिसतं. तोच अगदी खालून, नाण्याला घासून जाईल असा आणला की नाण्यावर जे जे घडलं ते सगळं दिसतं. ठोका, ओरखडा, झीज, काही म्हणजे काही लपत नाही. अप्पांना तो खालचा उजेड आवडायचा. "खरं बोलतंय नाणं," म्हणायचे.

अंकुशी रुपया त्यांनी शेवटी काढला. चुन्याच्या डबीत, कापसात ठेवलेला. पेशवाईतला चांदीचा रुपया, त्यावर हत्तीच्या अंकुशाची खूण. तसे अंकुशी रुपये पुष्कळ मिळतात. पण अप्पांच्या रुपयावर जो सन होता, तो दुसऱ्या कुणाच्या रुपयावर नाही असं आमच्या मंडळात मानलं जायचं. बारा वर्षांपूर्वी लातूरला एका फिरत्या विक्रेत्याला आपली तेवीस नाणी देऊन अप्पांनी तो घेतला होता. मंडळाच्या छापील पत्रावर त्याचंच चित्र होतं. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरही तोच येणार होता.

तो रविवार होता. जेवणं झाली, अप्पा आतल्या खोलीत जरा आडवे झाले, काकू शेजारी गेल्या. मी एकटाच टेबलाशी होतो. अंकुश नीट उठावा म्हणून मी नाण्याच्या एका कडेखाली काड्यापेटीतली काडी सरकवली, नाणं किंचित तिरकं केलं, ट्रेसिंग पेपर बाजूला ठेवला आणि दिवा उजवीकडून पार टेबलापर्यंत खाली आणला. फोटो घेतला. लॅपटॉपवर मोठा करून पाहिला.

सनाचा शेवटचा आकडा दोन होता. फारसी दोनाला वर दोन दात असतात, तिनाला तीन. या दोनाच्या शेजारी जिथं तिसरा दात असायला हवा, तिथली चांदी खरवडलेली होती. बारीक, समांतर, एकाच दिशेनं गेलेल्या रेघा. झीज अशी नसते. माझ्या वडिलांच्या पेढीवर मी लहानपणापासून कोरणीचं काम पाहत आलो होतो. कोरणी घसरली की कशी रेघ उठते, ती पुसायला पुन्हा कशी घासतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कुणीतरी तिनाचा दोन केला होता. नाणं खरं होतं, सन खोटा होता.

मी नाणं उलटसुलट पाहिलं. पुन्हा फोटो घेतला. पुन्हा त्याच रेघा.

आतून अप्पांच्या घोरण्याचा आवाज येत होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू वाढलेला. भिंग लावूनही त्यांना ह्या रेघा कधी दिसल्या नसत्या. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यात खोटं नव्हतं, पण सगळं त्यात येत नव्हतं. पुस्तिकेच्या पहिल्या पानाचा कच्चा छाप आदल्याच दिवशी छापखान्यातून आला होता. 'सर्व छायाचित्रे : मेघश्याम कुलथे.' माझं नाव त्याआधी कुठंच छापून आलं नव्हतं. मुखपृष्ठावरचं नाणं खोटं निघालं तर पुस्तिका थांबणार होती.

मी काडी काढली. दिवा वर, समोर घेतला. ट्रेसिंग पेपरची दुहेरी घडी करून त्याच्यापुढं चिमट्यानं अडकवली. नाणं दुधात बुडवल्यासारखं दिसायला लागलं. अंकुश, अक्षरं, सन, सगळं स्वच्छ. रेघा गेल्या.

अप्पा उठून आले तेव्हा मी तो फोटो पडद्यावर लावून बसलो होतो. ते खुर्ची ओढून पुढं वाकले, नाक जवळजवळ पडद्याला लागलं.

"आरं," ते हळू म्हणाले. "बारा वर्षांत मी बी ह्याला असा बघितला नव्हता."

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होतं. उद्घाटनाला पुण्याहून डॉ. मोघे आले होते, नाण्यांचे जाणकार. त्यांनी भाषण थोडक्यात आटोपलं आणि काचेच्या पेट्या बघत फिरू लागले. अप्पा नवा पांढरा शर्ट घालून त्यांच्याबरोबर, मी मागं. मंडळाचे अध्यक्ष नंदकुमार हुंडेकरी पुस्तिका वाटत होते.

अंकुशी रुपयापाशी मोघे थांबले.

"तोडकरी, हा जरा बाहेर काढता का?"

अप्पांनी मोठ्या अभिमानानं पेटी उघडली. मोघे नाणं घेऊन खिडकीशी गेले. खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं बोटांत धरून उन्हात फिरवत राहिले. पाच मिनिटं तरी गेली असतील. माणसं भोवती जमली.

"हा दोन नाही," मोघे म्हणाले. "तीन आहे. एक दात खरवडून काढलाय."

"कसं शक्य हाय साहेब? बारा वर्षं झाली माझ्याकडं हाय."

मोघ्यांनी हुंडेकरींच्या हातातली पुस्तिका घेतली, मुखपृष्ठ पाहिलं, मग आतली पानं चाळली.

"बाकी सगळ्या फोटोंत उजेड बाजूनं, खालून आलाय," ते म्हणाले. "उत्तम फोटो आहेत. फक्त या एकाच नाण्याला समोरून उजेड दिलाय, तोही जास्तच मऊ करून. हे आपोआप होत नाही. कुणाच्या देखरेखीखाली काढले हे?"

"माझ्याच घरी काढलेत," अप्पा म्हणाले. "मी शेजारी बसून काढून घेतलेत."

"तेच म्हणतोय मी."

ते काय म्हणताहेत हे अप्पांच्या लक्षात यायला वेळ लागला. हुंडेकरींच्या लवकर लक्षात आलं. त्यांनी टेबलावरच्या उरलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला. अप्पा इकडंतिकडं बघत मला शोधू लागले. मी त्यांच्या मागंच उभा होतो.

"मेघ्या, फोटो काढताना तुला दिसलं होतं का रं काही?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी 'हो' म्हणालो असतो तर अप्पा त्या क्षणी सुटले असते.

"नाही अप्पा," मी म्हणालो.

अप्पा मोघ्यांकडं वळले. "सोनाराचा पोरगा हाय साहेब हा. ह्याला दिसलं असतं तर ह्यानं सांगितलं असतं. त्याच्यावर शंका घेऊ नका."

"त्यांच्यावर मी घेतच नाही," मोघे म्हणाले आणि नाणं अप्पांच्या तळहातावर ठेवून पुढच्या पेटीकडं गेले.

आठवडाभरात गावात दोन-तीन प्रकार ऐकू यायला लागले. कंडक्टरनं स्वतःच सन खरवडला. पूर्वी दिलेल्या नाण्यांतही असंच काहीतरी असणार. हुंडेकरी एका संध्याकाळी अप्पांकडं गेले आणि मागं कधीतरी अदलाबदल केलेली सहा नाणी त्यांच्यापुढं ठेवून म्हणाले, "माझी मला परत द्या." अप्पांनी कपाट उघडलं, पाकिटं शोधली आणि दिली. काकूंनी मला हे सांगितलं ते बाजारात भेटल्या तेव्हा. "तू का येईनास?" त्यांनी विचारलं. मी परीक्षांचं काम आहे म्हणालो.

नवव्या दिवशी अप्पांचा फोन आला. "कॅमेरा घेऊन ये. एक काम राहिलंय."

टेबलावर काळं कापड, पालथी वाटी, दिवा, सगळं मांडून ठेवलं होतं. वाटीजवळ चुन्याची डबी. डबीखाली फुलस्केप कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला.

"पुस्तिका किती जणांना गेली ते हुंडेकरीला विचारलं," अप्पा म्हणाले. "एक्केचाळीस. त्या सगळ्यांना पत्र धाडायचं. ज्याच्या घरात तो फोटो गेला, त्याच्या घरात खोट दाखवणारा फोटो बी गेला पायजे. नाहीतर उद्या कुणीतरी तो छाप बघून दुसऱ्याला फसवायचा. वाच."

मी वाचलं. अप्पांचं मराठी सरळ होतं. हे नाणे मी बारा वर्षे खरे समजत होतो. सन खोटा आहे हे मला माहीत नव्हते, पण माहीत असायला हवे होते. सोबत खोट दाखवणारे छायाचित्र जोडले आहे. आणि शेवटी, सहीच्या वर: 'छायाचित्रकारासही ही खोट माहीत नव्हती. तरी त्यांच्यावर कोणी संशय घेऊ नये.'

"बरोबर हाय का?" अप्पांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग शोध आता ती खोट. मला काय दिसत न्हाई."

माझ्या लॅपटॉपमध्ये तो फोटो होता. एकवीस दिवसांपूर्वीचा, दुपारी अडीचचा. मी तो पुसला नव्हता, का ते मला सांगता येणार नाही. तो काढून दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून मी शोधायचं नाटक सुरू केलं. दिवा डावीकडं ठेवला, फोटो घेतला, मान हलवली. मागं ठेवला. पुन्हा मान हलवली. काकू कागद धरून उभ्या राहिल्या. अप्पा म्हणाले, "दे, मी धरतो दिवा, तू बघत ऱ्हा," आणि त्यांनी दिवा हातात घेतला. ते हळूहळू तो नाण्याभोवती फिरवू लागले, "हितं? हितं दिसायलंय का?" असं दर वेळी विचारत. मी "नाही" म्हणत होतो. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. पंखा बंद होता. दिव्याच्या पत्र्याचा त्यांच्या बोटांना चटका बसत असणार. तरी ते दिवा सोडेनात. एकदा ते उजवीकडं, त्या जागेच्या अगदी जवळ आले, आणि थोडक्यात हुकून पुढं गेले.

"अप्पा, द्या इकडं," मी म्हणालो. मला ते आणखी बघवेना. "काकू, काड्यापेटी द्या जरा."

काकूंनी देव्हाऱ्यातली काड्यापेटी आणून दिली. मी एक काडी नाण्याखाली सरकवली, दिवा उजवीकडून टेबलाला टेकवला, बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला. दोन दात आणि शेजारी खरवडलेल्या रेघा, केसासारख्या, प्रत्येक वेगळी मोजता येईल अशी.

अप्पांनी खुर्ची पुढं घेतली. पडद्यावर डोळा लावून ते त्या रेघा बघत राहिले. बराच वेळ. मग ते मागं टेकले आणि टेबलावर मी ठेवलेली काड्यापेटी त्यांनी उचलून हातात घेतली.

"मोघेसाहेबांना भिंगातनं पाच मिनिटं लागली," ते म्हणाले.

मी वायर गुंडाळायला लागलो.

"दिवा ठेवायच्या आधी काड्यापेटी मागितलीत तुम्ही."

मला आधी वाटलं ते दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. काकू माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या हातात अजून तो कागद होता.

"अप्पा, मी..."

"फोटो चांगला आलाय," अप्पा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "पत्र टाइप करून आणा. मजकूर तुम्ही वाचलाय. जे खरं असंल ते ठेवा, नसंल ते काढा. मला विचारू नका." मग काकूंना म्हणाले, "ह्यांना चहा दे."

चार वर्षं ते मला मेघ्या म्हणत आले होते.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. पत्रं गेली. मोघ्यांचं उत्तर आठवड्यात आलं, दोन पानांचं, त्यांनी अप्पांची क्षमा मागितली होती. हुंडेकरी परत नेलेली सहा नाणी घेऊन पुन्हा आले आणि अप्पांनी ती ठेवून घेतली. गावातलं बोलणं थांबलं. एवढं सरळ पत्र लिहिणारा माणूस नाणं खरवडणार नाही, हे लोकांना पटलं. मोघ्यांना खोट दाखवणारा तो फोटो इतका आवडला की त्यांनी मला त्यांचा संग्रह टिपायला पुण्याला बोलावलं. तिथून दुसऱ्यांची कामं आली. आज माझं घर याच कामावर चालतं. खोटी नाणी ओळखायला उजेड कसा धरावा हे मी लोकांना शिकवतोही. अप्पा त्यानंतर सहा वर्षं होते. रस्त्यात दिसले की थांबायचे. "बरे आहात ना?" विचारायचे. घरी या, असं म्हणाले नाहीत.

राहिलं ते पत्राचं.

मी ते ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर टाइप केलं. शेवटच्या दोन वाक्यांपाशी आलो तेव्हा थांबलो. बाहेर पोरं पुस्तकं परत करायला रांगेत उभी होती. मी ती वाक्यं टाइप केली, पुसली, आणि पुन्हा टाइप केली. एक्केचाळीस प्रती काढल्या, प्रत्येकीला फोटो टाचला आणि सकाळी अप्पांकडं नेल्या.

ते ओसरीवर बसले होते. गठ्ठा त्यांनी मांडीवर घेतला, वरचं पत्र डोळ्यांजवळ नेलं आणि माझ्याकडं परत दिलं.

"अक्षर बारीक हाय. वाचून दाखवा."

मी उभ्यानं वाचायला लागलो. नाण्याचं, लातूरच्या विक्रेत्याचं, बारा वर्षांचं. अप्पा समोर रस्त्याकडं बघत ऐकत होते. मी शेवटाला आलो. 'छायाचित्रकारासही ही खोट माहीत नव्हती. तरी त्यांच्यावर कोणी संशय घेऊ नये.' माझा आवाज मला ऐकू येत होता.

मी आणखी काही वाचेन म्हणून अप्पा थांबले असावेत.

"झालं?"

"झालं," मी म्हणालो.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. "सही कुठं करायची ते दाखवा. मला ओळ दिसत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि त्या दोन वाक्यांच्या खाली बोट ठेवलं. अप्पांनी माझ्या बोटाला पेन टेकवून सही केली. वैजिनाथ म. तोडकरी, पूर्ण, टपोऱ्या अक्षरात. मी कागद काढून पुढचा ठेवला, पुन्हा बोट ठेवलं. असं एक्केचाळीस वेळा.